रंध्याच्या कपाळावरचं नाव

आजचा विषय आहे लाकडी रंधा. ज्यांच्या घरी कधी सुतार बसला असेल, म्हणजे कपाट-पलंग करायला महिना-महिना घरीच येऊन काम करायचा तसा, त्यांना तो आवाज नक्की आठवत असेल. सर्र, सर्र. आणि संध्याकाळी केरसुणीने गोळा केलेली लाकडाची कुरळी सालं. पुढे लोखंडी रंधा आला, मग विजेचा आला, मग प्लायवूड आलं, आणि लाकडी रंधा माळ्यावर गेला.

आता अलीकडे काय होतंय, की बरीच मंडळी हे जुने रंधे माळ्यावरून, जुन्या बाजारातून शोधून काढतात आणि पुन्हा चालते करतात. छान छंद आहे. पण पहिल्याच दिवशी बहुतेक जण एक गोष्ट करतात. पॉलिश पेपर घेतात आणि रंधा चारही बाजूंनी घासून नवा कोरा करतात. आज आपल्याला बोलायचंय ते या घासण्याबद्दल. म्हणजे जुन्या रंध्यात काय दुरुस्त करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही. आणि हे समजून घ्यायला आपण जाणार आहोत अठराव्या शतकातल्या अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या रेन्थम नावाच्या एका गावात. तिथे सीझर चेलर नावाचा एक रंधे करणारा कारागीर होता. आयुष्याचा मोठा भाग तो गुलाम होता. त्याचं आयुष्य आज आपल्याला जे काही कळतं, त्यातला मोठा वाटा लाकडात ठोकलेल्या तीन ओळींचा आहे.

क्रम असा ठेवू: आधी रंधा, मग माणूस, मग दुरुस्ती.

रंधा म्हणजे काय

रंध्याचे भाग मोजून तीन. लाकडाचा ठोकळा, पोलादी पातं आणि ते पातं जागेवर धरून ठेवणारी लाकडी पाचर. ना स्क्रू, ना स्प्रिंग. ठोकळ्यात वरून खालपर्यंत एक तिरकी खाच असते. तिच्या मागच्या उतारावर पातं टेकतं, त्याला आपण बैठक म्हणू. साध्या रंध्यात हा उतार साधारण 45 अंशांचा असतो, टणक लाकडासाठी तो 50 अंशांपर्यंत चढवतात. खाली तळाला जी फट उरते ते रंध्याचं तोंड. पात्याची धार तोंडातून केसभर बाहेर येते, आणि तेवढीच साल निघते.

ही युक्ती फार जुनी. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत रंधे सापडलेत. 1545 साली बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं लढाऊ जहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढलं, तर त्यातल्या सुताराच्या सामानातही रंधे होते. आजच्या सुताराच्या हातात दिले तर त्याला वेगळं काही शिकवावं लागणार नाही.

पण या जुन्या रंध्यांवर करणाऱ्याचं नाव नसतं. कारण सरळ आहे. सुतार आपला रंधा आपणच करायचा. आपल्याकडेही हीच रीत होती. पातं बाजारातून किंवा लोहाराकडून आणायचं, आणि टणक, मुरलेल्या लाकडाचा ठोकळा स्वतः तासायचा, आपल्या हाताच्या मापाने. मग त्यावर करणाऱ्याचं नाव कशाला? तो रंधा दुसऱ्या कुणाला विकायचाच नव्हता.

नाव आलं ते धंदा आला तेव्हा. सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये फक्त रंधेच करून विकणारे कारागीर उभे राहिले. थॉमस ग्रॅनफर्ड हा त्यातला पहिला, ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याच्या मागून त्याचाच शिकाऊ रॉबर्ट वुडिंग. गिऱ्हाइकाला कळावं की माल कुणाचा, म्हणून हे लोक रंध्याच्या पुढच्या टोकावर पोलादी शिक्का ठोकून नाव उमटवायला लागले. हे पुढचं टोक म्हणजे रंध्याचं कपाळच. तिथे लाकडाचे तंतू उभे कापलेले असतात, त्यामुळे शिक्का खोल आणि स्वच्छ बसतो. शिवाय रंधे फळीवर रांगेने लावले की तेवढंच टोक डोळ्यांसमोर राहतं.

विकत घेणारे सुतारही मग तिथेच आपलं नाव ठोकायचे, कारण एका कारखान्यात दहा जणांची हत्यारं एकत्र पडलेली. रंधा हातोहात फिरला की नावं वाढत जायची. आपल्याकडे पितळी भांड्यावर नाव घालतात ना, लग्नात कुणी दिलं, कोणत्या साली दिलं, तसंच. आजीच्या डब्यावरचं नाव आपण कधी घासून काढतो का? नाही. मग रंध्यावरचंही काढू नये.

रेन्थमचा सीझर

आता माणसाकडे येऊ. लंडनमध्ये हा धंदा रुळत होता, त्याच सुमारास इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींत घरं, चर्च, फर्निचर यांचं काम वाढत होतं. काठाला गोलाई काढायला एक रंधा, पन्हळ पाडायला दुसरा, खाच पाडायला तिसरा. नक्षी जितकी, रंधे तितके. दरवाजाच्या चौकटीवरची एक पट्टी बदलली की रंधा बदलला. म्हणजे एका सुतारापाशी दोन-तीन डझन रंधे असणं नवल नव्हतं. एवढे रंधे कुणीतरी करायला हवे होते.

बॉस्टनच्या नैर्ऋत्येला रेन्थम नावाचं गाव आहे. तिथे फ्रान्सिस निकल्सन रंधे करायचा. नावानिशी ठाऊक असलेल्या अमेरिकी रंधे करणाऱ्यांत तो सगळ्यात आधीचा मानला जातो. त्याचा मुलगा जॉन हाही त्याच धंद्यात. आणि त्याच कारखान्यात काम करणारा तिसरा माणूस म्हणजे सीझर. तो निकल्सनच्या मालकीचा होता. म्हणजे शब्दशः मालकीचा, बैलजोडी असावी तसा.

इथे जरा थांबू या. अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेतले कापसाचे मळे येतात. पण मॅसॅच्युसेट्स उत्तरेला, आणि तिथल्या वसाहतीने 1641 मध्येच गुलामगिरीला कायद्यात जागा दिली होती. तिथले गुलाम मळ्यांपेक्षा घरात, बंदरात आणि कारागिरांच्या कारखान्यांत जास्त दिसायचे. हातात उत्तम कसब, आणि त्या कसबाची कमाई दुसऱ्याची.

सीझर 1741 मध्ये रेन्थमच्या चर्चचा सदस्य झाला. 1753 मध्ये फ्रान्सिस निकल्सन वारला. मृत्युपत्रात त्याने सीझरला स्वतंत्र केलं. नुसतं स्वतंत्र केलं नाही. त्याला अंथरूण-पलंग, पेटी, कपडे, 10 एकर जमीन, सुतारकामाचं बाक, त्यावरची नेहमीची हत्यारं आणि लाकूड दिलं. आणि यादीत आणखी एक बाब आहे: हत्यारं करण्यासाठी लागणारी हत्यारं. ही बाब लक्षात ठेवा. स्वातंत्र्याचा कागद हातात आहे, पण पोट भरायचं साधन नाही, अशी वेळ त्या काळात मुक्त झालेल्या कितीतरी लोकांवर आली. सीझरच्या हातात मात्र आख्खा धंदा आला. अर्थात, हे दान होतं असं म्हणताना एक विसरू नये. ज्या कामावर निकल्सनचा कारखाना चालला, त्यात या माणसाची कितीतरी वर्षं बिनपगारी गेलेली होती. हिशेबच मांडला तर देणं कुणाचं कुणाकडे, हे आपण समजू शकतो.

त्यानंतर सीझर चेलर स्वतःच्या नावाने रंधे करू लागला. निकल्सनच्या शिक्क्यात एक ठरावीक धाटणी होती: वर नाव, खाली 'लिव्हिंग इन', त्याखाली 'रेन्थम'. म्हणजे 'रेन्थम इथे राहणारा'. चेलरने तीच धाटणी ठेवली. वर फक्त त्याचं नाव आलं. पत्ता सांगायची ती एक साधी धंद्याची पद्धत होती, त्यात मुद्दाम काही घोषणा वगैरे नव्हती. तरीसुद्धा विचार करून बघा. कायद्याच्या कागदात जो काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत होता, तो आता विकायच्या प्रत्येक वस्तूच्या कपाळावर ठोकून सांगतोय की मी अमुक, अमुक गावचा रहिवासी.

1758 मध्ये त्याचं लग्न झालं, पुढे मुलंबाळं झाली. 1783 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने गुलामगिरी राज्याच्या घटनेत बसत नाही असं ठरवलं. 1784 मध्ये चेलर वारला. अमेरिकेतल्या, नावानिशी ठाऊक असलेल्या कृष्णवर्णीय हत्यार करणाऱ्यांत तो सर्वांत आधीचा. त्याचं चित्र नाही, आठवणी लिहिलेलं पुस्तक नाही. काही कागदपत्रं आहेत आणि रंधे आहेत. बहुतेक 'यलो बर्च' नावाच्या तिथल्या टणक झाडाच्या लाकडाचे, काठांना ठळक उतार दिलेले, साधारण 10 इंच लांबीचे. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आणि संग्राहकांच्या कपाटांत आहेत.

आता कल्पना करा, यातला एखादा रंधा आपल्यासारख्याच कुणा हौशी माणसाच्या हाती लागला आणि त्याने तो पॉलिश पेपरवर घासून चकचकीत केला. अर्धा मिलिमीटर लाकूड गेलं. रंधा तसाच चालतो, दिसायला सुंदर दिसतो. पण सीझर चेलर गेला.

मग दुरुस्ती कशी करायची

घाबरू नका, दुरुस्ती करायचीच नाही असं मी म्हणत नाहीये. रंधा चालला पाहिजे. करणाऱ्याने तो काचेच्या पेटीसाठी केलेला नव्हता. आणि गंमत अशी की रंधा चालता करायला बाहेरून काहीच करावं लागत नाही. सगळं काम आत आणि खाली असतं.

पहिलं पातं. पातं काढायचं तर पाचर सैल करावी लागते. त्यासाठी रंधा हातात धरून मागच्या टोकावर लाकडी हातोड्याने ठोका द्यायचा. मोठ्या लांब रंध्याला पुढे वरच्या बाजूला ठोका द्यायची जागा असते, तिथे द्यायचा. पण पाचरीच्या डोक्यावर बाजूने लोखंडी हातोडा मारायचा नाही. जुन्या रंध्यांच्या पाचरींची डोकी तुटलेली दिसतात ती याचमुळे. आणि पुढच्या टोकावर, म्हणजे नावावर, उगाच ठोके नकोत.

जुनं पातं नीट बघा. बहुधा ते अख्खं पोलादाचं नसतं. मऊ लोखंडाच्या पट्टीला धारेच्या बाजूला पोलादाचा पातळ थर भट्टीत तापवून जोडलेला असतो. पातं धारेकडे जाड आणि वर पातळ होत जातं. हे चुकून झालेलं नाही. काम करताना लाकूड पात्याला मागे रेटतं, आणि पातं असं निमुळतं असलं की त्या रेट्याने ते पाचरीत आणखी घट्ट बसतं. म्हणून जुनं पातं फेकून बाजारातलं सपाट पातं घालू नका. पाचर त्याला नीट धरणार नाही. गंज काढा, पण हळू. पात्यावरही लोहाराचा शिक्का असतो. पात्याची पाठ धारेपाशी आरशासारखी सपाट करा, मग धार लावा. ग्राइंडरवर निळं पडेपर्यंत तापवलंत तर त्या पातळ पोलादाचं पाणी उतरेल.

दुसरं, लाकडाचं आकसणं. लाकूड शे-दोनशे वर्षांत आडवं आकसतं, लोखंड आकसत नाही. त्यामुळे पूर्वी सैल बसणारं पातं आता दोन्ही गालांमध्ये अडकतं. अशा वेळी पाचर दणकून ठोकली की ठोकळाच तडकतो. उपाय सोपा आहे: पात्याच्या दोन्ही कडा कानशीने थोड्या उतरवा. लाकूड कापू नका.

तिसरी पाचर. माझ्या मते निम्मा रंधा इथेच आहे. साल अडकते, रंधा थरथरतो, धार आपोआप मागे सरकते, या सगळ्या तक्रारींची सुरुवात पुष्कळदा पाचरीत असते. पाचरीच्या खालच्या दोन्ही टोकांनी पात्यावर सारखा दाब द्यायला हवा. खात्री करायची तर पाचरीला पेन्सिलचा चुरा चोळा, बसवा, काढा. जिथे डाग उठला तिथे ती टेकते. तेवढाच उंचवटा खरवडा आणि पुन्हा बघा. चार-पाच वेळा करावं लागतं.

चौथा तळ. साध्या रंध्याचा तळ झिजून वाकडा झाला असेल तर तो सपाट करावा लागतो. हे करताना पातं आणि पाचर जागेवर ठोकलेली हवीत, फक्त धार आत ओढून घेतलेली. कारण पाचरीच्या दाबाने ठोकळा किंचित वाकतो. तिला काढून सपाट केलेला तळ ती घातल्यावर पुन्हा वाकडा होतो. आणि लागेल तेवढंच घासा. तोंडाची खाच वर रुंद होत जाते, त्यामुळे तळ जितका घासाल तितकं तोंड मोठं होतं, आणि तोंड मोठं झालं की साल गुळगुळीत न निघता फाटून निघते. तोंड आधीच मोठं झालं असेल तर त्याच्या पुढे टणक लाकडाची छोटी ठिगळपट्टी बसवतात. जुन्या रंध्यांत अशा पट्ट्या पुष्कळ दिसतात. त्या काढून टाकू नका. कुणीतरी आपल्या रोजच्या हत्याराची केलेली ती काळजी आहे.

नक्षीच्या रंध्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या तळालाच नक्षीचा उलटा आकार असतो. तो तळ घासला तर नक्षीच बदलते. तिथे पात्याने तळाशी जुळवून घ्यायचं, तळाने पात्याशी नाही. म्हणजे पात्याचा आकार कानशीने आणि दगडाने तळासारखा करायचा. कारण तो तळ म्हणजे त्या काळच्या घरांच्या चौकटी, छताच्या पट्ट्या कशा होत्या याचा कोरलेला पुरावा आहे.

उरला बाहेरचा भाग. मऊ कापडाने धूळ काढा. कीड लागलेली दिसली, म्हणजे टाचणीएवढी भोकं आणि ताजी पिवळी पूड, तर तिचा आधी बंदोबस्त करा आणि तोवर तो रंधा बाकीच्यांपासून दूर ठेवा. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात आणि वर थोडं मेण. बस्स. एक मात्र महत्त्वाचं: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. हाताच्या घामाने आणि तळव्याने काळसर झालेली जी जागा असते, ती तशीच राहू द्या. रंधा कसा धरायचा ते तीच जागा सांगते.

शेवटी

लाकडी रंध्याचा काळ एकोणिसाव्या शतकात उतरणीला लागला. नक्षीच्या पट्ट्या कारखान्यात यंत्रावर निघू लागल्या. लिओनार्ड बेलीचा लोखंडी रंधा आला आणि 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीने बेलीचा धंदा विकत घेतला. लाकडी रंधे मग विस्तवात गेले, माळ्यावर गेले, कुणी त्यांचे दिवे करून दिवाणखान्यात ठेवले. जे वाचले ते आपल्या हाती येतायत.

आपल्याकडच्या रंध्यांवर करणाऱ्याचा शिक्का सहसा मिळत नाही. पण मालकाच्या नावाची अक्षरं, करवतीने ओढलेली खूण, खंडेनवमीला वर्षानुवर्षं लावलेल्या हळदी-कुंकवाचा लाकडात मुरलेला डाग, हे मिळू शकतं. त्यामुळे तुमच्याकडे असा जुना रंधा असेल तर पॉलिश पेपर बाहेर काढण्याआधी एक काम करा. खोलीत अंधार करा, टॉर्च टोकाच्या बाजूने अगदी आडवा धरा आणि तिरप्या उजेडात बघा. समोरून न दिसणारी अक्षरं आडव्या उजेडात उठून दिसतात. फोटो काढून ठेवा, मग कामाला लागा. आणि तुमचं स्वतःचं नाव घालायचं असेल तर जरूर घाला. सगळ्यांनी घातलंय. फक्त आधीच्यांच्या नावाच्या बाजूला घाला, त्यांच्यावर नको.

आजच्यापुरतं एवढंच. काही सापडलं तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.